ज्यांना गाव नाही त्यांचे गाव

आमची धाकटी लेक नोकरीनिमित्त युरोपात असते. गेल्या वर्षी सुट्टीत ती इटलीतल्या आसिसी गावी गेली आणि तिथून तिने मला चक्क एक रंगीत कार्ड धाडले. हल्ली कार्डे पाठवतो कोण? पण फोनवर आलेली छायाचित्रे बापाच्या हातून हरवतात, हे ती जाणून आहे. डोंगराच्या उतारावर रेललेले फिकट गुलाबी दगडाचे गाव आणि एका टोकाला संत फ्रान्सिसचे भव्य मंदिर. मागे चारच ओळी होत्या : ‘बाबा, या मंदिराचा पाया १२२८ साली घातला. तटासारख्या भिंती, दगडी चढण, वाटेवर यात्रेकरूंसाठी दुकाने. मला सारखी मढी आठवत होती. आपण तिसगावला शेवटचे कधी गेलो?’

सौभाग्यवतींनी कार्ड वाचले आणि म्हणाल्या, “बघा! मुलीला इटलीत जाऊन तिसगाव आठवते. तुम्हाला पुण्यात बसून आठवत नाही.”

हे काही खरे नव्हते. त्याच आठवड्यात तिसगावहून दादाचा, माझ्या थोरल्या चुलतभावाचा, फोन आला होता. आजोबांच्या घराचे माळवद एका बाजूने बसले होते. भिंतीही आज ना उद्या पडणार. जागेला गिऱ्हाईक आले आहे, तुझी सही हवी, असे तो म्हणत होता. मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला आणि घरात कुणाला काही बोललो नाही. त्या घरात मी सलग महिनाभरही कधी राहिलेलो नाही. तरी सहीच्या विचाराने जेवण गोड लागेना.

शेवटी शिमग्यात गेलो. रंगपंचमी दोन दिवसांवर होती.

नगर शहर सोडले की भिंगार लागते. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या एस. टी.च्या कंडक्टरच्या तोंडी अजून ‘नगर’च होते. या भिंगारजवळ १७०७ साली औरंगजेबाने देह ठेवला. त्याच्या छावणीत शाहूराजे होते. रायगड १६८९ साली पडला तेव्हापासून आई येसूबाईंसह कैदेत. पुढे उजव्या हाताला डोंगरमाथ्यावर सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात आणि त्यांना कुणी दुरुस्त करू शकलेले नाही. मग करंजीचा घाट. घाट ओलांडला की गर्भगिरीचे डोंगर जवळ येतात. बोडके, तपकिरी, फाल्गुनात तर अगदी करपलेले. त्यांच्या पायथ्याला आमचे तिसगाव.

लहानपणी आजी माळवदावर निजवून याच डोंगराची गोष्ट सांगे. मच्छिंद्रनाथांनी स्त्रीराज्यातून सोन्याची वीट आणली. गोरक्षनाथांनी ती वाटेत फेकून दिली आणि गुरू हळहळू लागले तेव्हा अख्खा गर्भगिरी सोन्याचा करून दाखवला. १८१९ सालच्या ‘नवनाथ भक्तिसार’ पोथीतली ही कथा. गुरूला पश्चात्ताप झाला, डोंगर पुन्हा दगडाचा झाला. मी दर वेळी विचारी, “थोडं सोनं ठेवायचं ना गं!” आजी म्हणे, “ठेवलं असतं तर तुझा बाप पुण्याला कशाला गेला असता?”

तेव्हा त्यातला मर्म कळला नव्हता. हा पाथर्डी तालुका पर्जन्यछायेचा. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायच्या कामावर होती. तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर साखर कारखाना आहे, तरी दरसाल शेकडो कुटुंबे पश्चिमेकडच्या बागायती मुलखात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात ‘एक कोयता’. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव पडते. माझे वडील मॅट्रिक होऊन पेटी घेऊन गेले, त्यांना नोकरदार म्हणाले. शेजारचे कोयता घेऊन गेले. डोंगराने दोघांनाही धरून ठेवले नाही, एवढे मात्र सारखेच.

दादाने कागद तयार ठेवले होते. मी म्हटले, “आधी मढीला जाऊन येऊ.” तो हसला. “टाळतोस,” म्हणाला, पण निघाला.

तिसगावच्या पुढे निवडुंग्यावरून मढीला वाट जाते. टेकडीवर कानिफनाथांची समाधी आणि भोवती किल्ल्यासारखे बांधकाम. परंपरा सांगते की, शाहूराजे सुटावेत म्हणून येसूबाईंनी इथे नवस बोलला होता आणि तो फळल्यावर हा गड उठला. राजे १७०७ साली सुटले. आई मात्र १७१९ पर्यंत मोगलांकडे ओलीस राहिली, ही पुढची गोष्ट इतिहासाची. आपल्यासाठी नव्हे, लेकासाठी केलेला नवस, हे मला त्या चढणीवर फार जाणवले. गडाचे अवजड दगड गोपाळ समाजाने वाहिले, म्हणून इथली मानाची होळी त्यांची, असे सांगतात. दगड वाहणाऱ्याचे नाव सहसा कुठे राहत नाही. इथे ते मानाच्या रूपाने राहिले आहे.

यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. शेवटी पैठणहून गोदावरीचे पाणी कावडींनी येते. काकू सांगत होत्या, नाथांना तेल लागले की या काळात मढीकर घरात तळण तळीत नाहीत, लग्नकार्य करीत नाहीत, बाजेवर निजत नाहीत. देवाच्या घरचे कार्य म्हणजे घरच्यांनी थोडी झीज सोसायचीच.

आणि पाहुणे कोण? गोपाळ, वैदू, कैकाडी, वडार, बेलदार : पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे सारे. रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. गावठी गाढवे एका बाजूला, उंच काठेवाडी दुसऱ्या बाजूला. दात पाहून वय ठरवायचे आणि मग भावाची घासाघीस. इथेच त्यांच्या जातपंचायती बसत, सोयरिकी जुळत, भांडणे तुटत. त्या निवाड्यांत वाळीत टाकण्यासारख्या क्रूर शिक्षाही असत. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो असल्याच दुःखांमुळे. तेव्हा या मेळाव्याला नुसते साजरे रूप देण्यात अर्थ नाही. पण तो का भरतो, हे मला एका म्हाताऱ्याने सांगितले.

तो तीन गाढवे घेऊन लिंबाखाली बसला होता. ट्रॅक्टर आणि टेम्पो आल्यापासून गिऱ्हाईक आटले, असे म्हणाला. मी सवयीने विचारले, “बाबा, तुमचं गाव कोणतं?”

“आमच्याला गाव कुठलं, साहेब? सालभर हिंडायचं. पर हितं मातर यायचंच. हितं समदी भेटत्यात. कोण जिता हाय, कोण गेला, हितंच कळतं.” मग त्याने मला विचारले, “तुमचं?”

मी तिसगाव म्हणालो. उच्चारताना जीभ जराशी अडखळली. त्याने मान डोलावली. “मंग जवळचेच की!”

परत येताना दादा गप्प होता. पडक्या घराशी आम्ही थांबलो. आतल्या पांढऱ्या मातीचा ढिगारा पाहिला, कोनाडा ओळखला. मग त्याच्या ओसरीवर बसून मी सही केली. हात कापला नाही. दादाच्या नातवाने मात्र नेमके विचारले, “आजोबा, घर विकलं, म्हणजे आता तुमचं गाव संपलं का हो?”

दादा त्याला दटावू लागला. मी म्हटले, “राहू दे. पुढच्या शिमग्याला येतो, तेव्हा कुठं उतरायचं ते तूच सांग.”

“आमच्याकडंच की!” तो म्हणाला. त्याला प्रश्न अवघड वाटलाच नव्हता.

पुण्याला आल्यावर लेकीला उत्तर लिहिले. सोबत मढीच्या रेवड्यांची पुडी पाठवायची होती. टपालखर्च ऐकून बेत रहित केला आणि पुडी आम्हीच संपवली. तिला एवढेच लिहिले, ‘यायचे तर फाल्गुनात ये. उतरायला घर आहे.’

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचा फराळ चालू असेल. तिकडे गर्भगिरीच्या पायथ्याची कुटुंबे कोयते, भांडीकुंडी आणि लहान मुले घेऊन उसाच्या मुलखाकडे निघण्याच्या तयारीत असतील. वाटेत अशी एखादी गाडी दिसली तर ‘हे कुठले?’ असे सहज विचारून पाहा. त्यांतले कुणी पाथर्डीकडचे निघाले तर माझे गाववाले समजा.