बॅगा किती वेळा भरायच्या?

मुलांनो, सहलीला किती खर्च येईल असं विचारलं, की मोठी माणसं आधी तिकिटांचे दर सांगतात आणि मग हॉटेलचे. आमच्या घरात २०२५च्या दिवाळीच्या सुटीचा बेत ठरला तेव्हा या दोन्हींपेक्षा तिसराच एक आकडा महत्त्वाचा ठरला. बॅगा किती वेळा भरायच्या, हा तो आकडा. तो कसा सापडला ते सांगते.

जाणारे आम्ही चौघं. मी, आठवीतली थोरली, चौथीतला धाकटा आणि त्यांची आजी. बाबांना रजा नव्हती. पैसे होते भिशीचे, २२ हजार. त्यातच जाणं, राहणं, खाणं, रिक्षा, सगळं बसवायचं. आजीचे गुडघे दुखतात, पण झाशीचा किल्ला बघायची तिची लहानपणापासूनची इच्छा. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य ती पंधरा वर्षं ऐकत आलेली. या वर्षी तिनं ते ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

थोरलीनं नकाशाचं पुस्तक उघडलं. आम्ही नाशिकचे. नाशिकरोडहून निघणारा लोहमार्ग भुसावळ, खांडवा, इटारसीवरून भोपाळला जातो आणि तिथून सरळ उत्तरेला झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, दिल्ली. पंजाब मेल ही शंभर वर्षांहून जुनी गाडी याच वाटेनं धावते. एकाच दोऱ्यात ओवलेले मणी! थोरली एकदम खूश. तिनं लगेच बेत लिहून काढला. भोपाळला एक मुक्काम, झाशीला एक, ग्वाल्हेरला एक, आग्र्याला एक, दिल्लीला दोन. पाच शहरं, पाच हॉटेलं. धाकट्याला दिल्लीचं रेल्वे संग्रहालय बघायचं होतं, म्हणून त्याचंही मत या बेताला.

आजीनं कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं, म्हणजे रोज नवा जिना, रोज नवी मोरी. किल्ला बघायला माझ्यात जीव उरेल का?"

मग आम्ही हॉटेल बदलण्याचा हिशेब मांडला. सकाळी बॅगा भरायच्या. बारापर्यंत खोली सोडायची. स्टेशनपर्यंत रिक्षा. पुलावरून पलीकडच्या फलाटावर सामान न्यायचं. पुढच्या गावी पुन्हा रिक्षा, आणि खोली आवरून मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. अर्धा दिवस यातच जातो. रिक्षाचे पैसे गेले ते वेगळे, आणि पाच ठिकाणी "एक्स्ट्रा गादीचे किती?" अशी घासाघीस करायची ती वेगळीच. थोरलीच्या बेतात घरून निघताना धरून बॅगा सहा वेळा भरायच्या होत्या.

दुसरा मार्ग असा, की एका गावात तळ ठोकायचा आणि आजूबाजूची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन बघायची. बॅगा खोलीत, हातात फक्त पाण्याची बाटली आणि डबा. पण तळ कुठे ठोकायचा?

थोरलीनं अंतरं लिहिली. झाशी ते ग्वाल्हेर सुमारे ९८ किलोमीटर. ग्वाल्हेर ते आग्रा सुमारे ११८. म्हणजे ग्वाल्हेर बरोबर मधे! एका बाजूला झाशी दीड तासावर, दुसऱ्या बाजूला आग्रा दोन तासांवर. शिवाय ताजमहालामुळे आग्र्याला गर्दी फार. तिथे साध्या खोलीला जे मागत होते, त्यापेक्षा ग्वाल्हेरला चार जणांची खोली बऱ्याच कमी भाड्यात मिळत होती. सेकंड सिटिंगनं चौघांनी आग्र्याला जाऊन यायचं भाडं त्या खोलीच्या एका रात्रीच्या निम्म्याहूनही कमी.

मात्र या जाऊन-येऊन प्रकरणालाही मर्यादा आहे, बरं का. माझं मत विचाराल तर एका बाजूला दोन तास, फार तर अडीच. त्यापुढे जाऊ नये. तीन-तीन तास गाडीत बसून पैसे वाचतीलही, पण मुलं पेंगत परत येतात आणि काय पाहिलं ते त्यांना आठवत नाही. दिल्ली ग्वाल्हेरपासून तीनशे किलोमीटरच्या वर. ती या हिशेबात बसेना. धाकटा रुसला. दिल्ली मात्र गळली ती गळलीच.

आता थोडं तिकिटांबद्दल. रेल्वेचं भाडं किलोमीटरच्या सरळ पटीत वाढत नाही. अंतर वाढत जातं तसा प्रत्येक किलोमीटरचा दर कमी होत जातो. वाण्याकडे किलोभर साखरेपेक्षा पोत्याचा भाव कमी असतो ना, तसंच. म्हणून एका लांबच्या तिकिटापेक्षा त्याच वाटेची तुकड्या-तुकड्यांची तिकिटं महाग पडतात. पाचशे किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर वाटेत एकदा आणि हजाराच्या वरच्या तिकिटावर दोनदा उतरून मुक्काम करायची सोयही रेल्वेच्या नियमांत आहे. आम्ही मात्र तुकड्यांचीच तिकिटं काढली. बेत बदलला तर एकच तुकडा रद्द करता येतो, आणि आजी बरोबर असताना बेत बदलू शकतो हे मला पक्कं ठाऊक.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं, स्वतंत्र बर्थ नको असेल तर, अर्धं भाडं. बर्थ हवा असेल तर पूर्ण. धाकट्याला आजीजवळ झोपवून अर्धं तिकीट काढावं असं एकदा मनात आलं, पण आजीच्या गुडघ्यांना रात्री पाय पसरायला जागा हवी. पूर्ण काढलं. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आजीचंही पूर्णच.

लांबच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. २८ ऑक्टोबरच्या मंगळवारी रात्री निघायचं, म्हणजे २९ ऑगस्टला तिकीट. घरात गणपती बसलेले, मोदकांचं सारण शेगडीवर, आणि थोरली आठच्या ठोक्याला फोन घेऊन तयार. जाण्याची मिळाली. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतीची काढायला बसलो, तर ४ नोव्हेंबरच्या मंगळवारी हव्या त्या गाडीला नुसती वेटिंग लिस्ट. सोमवारी जागा होत्या, आजीसाठी खालचा बर्थही होता. सोमवारची घेतली. बेतातला एक दिवस गेला!

आता झाशी तरी नाहीतर आग्रा तरी. मुलांना ताजमहाल हवा. आजी काही बोलली नाही. "मुलांना ताजमहाल दाखव," एवढंच म्हणून वाती वळत बसली. तिचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी थोरली शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच म्हणाली, "आई, झाशी तर वाटेतच आहे!"

खरंच की! भोपाळहून ग्वाल्हेरला जाताना झाशीवरूनच जायचं. मग ग्वाल्हेरहून पुन्हा मागे कशाला यायचं? सकाळी लवकर भोपाळ सोडायचं, झाशीला उतरायचं, बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायच्या, किल्ला बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं ग्वाल्हेरला मुक्कामाला जायचं. क्लोक रूममध्ये सामान ठेवताना प्रवासाचं तिकीट लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. आमच्या एका बॅगेची चेन तुटकी होती. ती घरी राहिली आणि त्यामुळे सामानही कमी झालं.

आणखी एक गोष्ट आपोआप जमली. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आमचा शुक्रवार झाशीला गेला आणि आग्र्याच्या वाट्याला रविवार आला. तुम्ही कधी बेत कराल तेव्हा हे बंद असण्याचे वार आधी लिहून काढा. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पाचशे मैल जाऊन बंद दार बघण्यात काय गंमत?

ठरल्याप्रमाणे रात्री नाशिकरोडला बसलो. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रात्रीच्या गाडीत एक मुक्कामाचं भाडं वाचतं हे खरं, पण तेवढ्यासाठी रात्रीचीच गाडी धरायची असं करू नका. अंतर कमी असेल तर ती गाडी तुम्हाला पहाटे तीनला फलाटावर उतरवते. नाशिकरोड ते भोपाळ साडेसहाशे किलोमीटर. तिथे पुरेशी झोप होते आणि सकाळी चहाच्या वेळेला गाव येतं.

भोपाळला दोन रात्री राहिलो. तिथलं जनजातीय संग्रहालय मुलांनी सोडवेना म्हणेपर्यंत पाहिलं. गुरुवारी रेल्वेनं सांचीला जाऊन आलो, अंतर जेमतेम ४६ किलोमीटर. सांचीला बऱ्याच जलद गाड्या थांबत नाहीत. त्या पुढे दहा किलोमीटरवरच्या विदिशाला थांबतात. तेव्हा सांचीला थांबणारी गाडी बघूनच निघावं.

आणि मग शुक्रवारी झाशी. स्टेशनचं नाव आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी'. आजीनं फलाटावरची ती पाटी दोनदा वाचली. बॅगा ठेवल्या, रिक्षा केली, किल्ल्याच्या दारात पोहोचलो. कडक बिजली तोफ बघून धाकटा तिथेच रेंगाळला. हा किल्ला ओर्छाच्या बीरसिंहदेवानं १६१३ साली बांधला. पुढे मराठ्यांकडे आल्यावर तो वाढवला नारोशंकर या पेशव्यांच्या सुभेदारानं. नाशिकच्या मुलांना हे नाव सांगावं लागत नाही. पंचवटीत गोदाकाठी ज्याची घंटा आहे, तोच हा नारोशंकर! "म्हणजे आपल्या घंटेवाल्याचा किल्ला?" धाकट्यानं विचारलं. तिथून पुढे त्याला किल्ला आपलाच वाटायला लागला.

आजी एकेक पायरी थांबत थांबत चढली. प्रत्येक थांब्याला एकेक गोष्ट. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे पैशांची चणचण म्हणून १८५७ साली उत्तरेला निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा याच गावात होते. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. आजीनं ते तीनदा वाचलंय. कुठल्या बाजूनं तोफा लागल्या असतील, राणी रात्री कुठल्या बाजूनं निघाली असेल, हे ती तटावर उभी राहून हातानं दाखवत होती. आम्ही साडेचार तास तिथे होतो. बॅगा बरोबर असत्या तर तासाभरात खाली उतरलो असतो.

ग्वाल्हेरला रात्री पोहोचलो आणि एकाच खोलीत तीन रात्री राहिलो. शनिवारी किल्ला. गाडी उरवाई दरवाजाच्या बाजूनं वर जाते, म्हणून आजीला मानमंदिर, सासबहूचं देऊळ नीट बघता आलं. उतरताना ती गाडीतून गेली आणि आम्ही तिघं पूर्वेच्या चढणीनं पायी उतरलो. त्या वाटेवर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. त्याच्या भिंतीवरच्या ८७६ सालच्या लेखात २७० हा आकडा आहे, आणि त्यातलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल! गणितात शून्य पडलं म्हणून रडणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

दुपारी जयविलास राजवाडा. तिथल्या मेजवानीच्या लांबलचक टेबलावर चक्क रूळ आहेत, आणि त्यावरून पाहुण्यांपुढे पदार्थ नेणारी चांदीची आगगाडी. धाकटा पाऊण तास तिथून हलला नाही. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाचं नाव त्यानं त्या दिवसापुरतं तरी काढलं नाही.

आग्र्याबद्दल फार लिहीत नाही, ताजमहाल तुम्ही सगळ्यांनी चित्रात पाहिलेला आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही, तेवढे पैसे वाचले. आग्र्याचा किल्ला मात्र चुकवू नका. १६६६ साली शिवाजीमहाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते याच शहरात. परतीची गाडी निवडताना थोरलीनं डोकं चालवलं. लांबून आलेल्या गाड्यांना उशीर होण्याची शक्यता जास्त. आग्र्याहून ग्वाल्हेरकडे येणारी, दिल्लीहून सुटलेली गाडी जेमतेम दोनशे किलोमीटर आलेली असते. तिनं तशीच गाडी धरली. साडेनवाला आम्ही खोलीवर होतो.

सोमवारी खोली सोडली, पण बॅगा संध्याकाळपर्यंत हॉटेलातच ठेवून घेतल्या. आजीला घेऊन फूलबागेत गेलो. झाशीहून निघालेली राणी काल्पीमार्गे ग्वाल्हेरला आली आणि जून १८५८ मध्ये इथेच पडली. समाधीजवळ आजी बराच वेळ बसली. मुलं तिच्या दोन्ही बाजूंना, गप्प.

रात्री गाडीत थोरलीनं हिशेब लावला. खर्च २१ हजार ३४०. बॅगा सहाऐवजी तीनदाच भरल्या. उरलेल्या ६६० रुपयांचं काय करायचं यावर भांडण सुरू होणार, इतक्यात धाकट्यानं नकाशा ओढून घेतला आणि दिल्लीवर बोट ठेवलं. "इथे तळ ठोकला तर दोन तासांवर काय काय येतं?"

थोरलीनं पाहिलं. उत्तरेला, सुमारे ९० किलोमीटरवर, पानिपत.

आजी वरच्या बर्थकडे मान वळवून म्हणाली, "पायऱ्या आहेत का तिथे?"