‘येत आहेत!’

ती जाहिरात नेमकी कोणी केली, हे मला अजून कळलेले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या गावात घरोघरच्या मोबाइलवर एक चित्र येऊन थडकले. काळाकुट्ट पडदा, त्यात चमकणारी वाकडी पोलादी नखे आणि खाली दोनच शब्द : ‘येत आहेत!’ कोण, कुठून, कशाला, काही पत्ता नाही. आमच्या पोस्टमास्तरांना तो सिनेमा वाटला. आमच्या सौभाग्यवतींना नखे कापायच्या नव्या यंत्राची शंका आली. दुसऱ्या दिवशी नुसताच एक किल्ला. तिसऱ्या दिवशी मात्र वर्गातली पोरे ओरडली, “गुरुजी, वाघनखं! साताऱ्याला चला!”

खरे सांगायचे तर माझ्या पोटात गोळा आला. गेली वीस वर्षे मी अफझलखानाचा धडा बोटे वाकवून शिकवतो. ती लकब वडिलांची. गोष्ट रंगात आली, की ते माझ्याच पोटात बोटे खुपसायचे. मी पडलो मॅट्रिक मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे थापा मारणे हा जोडधंदाच. पण वर्गात थाप मारायची नाही, हा नेम आजवर पाळला होता. आणि ही नखे तीन वर्षांच्या बोलीने देणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच म्हटले होते, की महाराजांनी वापरली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही. सोबतच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे : शिवाजीने ज्या वाघनखांनी मोगल सेनापतीला मारले ती ही, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना दिली. खान विजापूरचा, त्याला मोगल करून टाकले! ग्रँट डफ साताऱ्यास आले १८१८ साली. मधली दीडशेहून अधिक वर्षे ती नखे कोणाच्या फडताळात होती, देव जाणे.

रांग मोठी होती. पावसाची बुरबुर, ओल्या छत्र्या, मागे एक फेटेवाले आजोबा. काचेपाशी पोचलो आणि पोरे गप्प झाली. वस्तू केवढीशी! मुठीत सहज मावेल एवढी.

“गुरुजी, हीच का ती?” दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारले.

‘हो’ म्हटले असते, तर सगळे सुखाने घरी गेले असते. मी म्हणालो, “असतीलही. पण पुरावा नाही.”

“मग आलो कशाला?” एक पोरगा फणकारला. आजोबा म्हणाले, “मास्तर, लेकरांपुढं असं बोलू नये.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होते, म्हणून ते जास्त लागले. मला वडील आठवले.

पोरगी मात्र काचेला नाक लावून उभीच. “पण खानाला मारलं, ते खरं ना?”

“ते खरं. १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि पुढे सरकली. आजोबांनी चष्मा पुसला आणि वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिले.

परतताना एस. टी.त पोरांना भेळ चारली.

दिवाळीच्या सुट्टीआधी तो धडा आला. बोटे वाकवायची नाहीत, असे मी घरूनच ठरवून गेलो होतो. मिठीपर्यंत हात पाठीमागे बांधून नीट सांगितले. पुढे काय झाले कळलेच नाही. पाहतो तो हात वर आणि बोटे वाकलेली. दुसऱ्या बाकावर ती पोरगी तोंडावर हात धरून हसत होती.