किनाऱ्याचा रकाना

सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षी, रजेवर घरी आलो असताना, मी माझ्या सीडीसीच्या पुस्तिका काढून बेरीज करायला बसलो. व्यापारी जहाजावरील खलाशाच्या आयुष्याचा हिशेब या पुस्तिकांत असतो. तो कोणत्या जहाजावर केव्हा चढला आणि केव्हा उतरला, याच्या तारखा त्यांत शिक्क्यांनिशी नोंदलेल्या असतात. बत्तीस वर्षांची नोकरी, म्हणजे ३८४ महिने. त्यांपैकी २५६ महिने समुद्रावर आणि १२८ घरी. दोन हिस्से पाणी आणि एक हिस्सा जमीन. पृथ्वीवर या दोहोंचे जे प्रमाण आहे, जवळजवळ तेच माझ्या आयुष्यातही उतरले होते.

तरीही समुद्राने माझे समाधान झाले नव्हते. माझे वडील वाघोटन खाडीतल्या एका गलबतावर तांडेल होते. विजयदुर्गच्या मुखातून बाहेर पडायचे, किनारा उजव्या हाताला ठेवून मुंबई गाठायची, असा त्यांचा शिरस्ता. पहाटे जमिनीवरून सुटणारे मतलई वारे गलबताला बाहेर नेत आणि दुपारनंतरचे खारे वारे त्याला पुन्हा किनाऱ्याकडे आणत. या दोन वाऱ्यांच्या मधल्या घटकांत शीड केव्हा फिरवायचे, हे वडिलांना पाठीला लागणाऱ्या गारव्यावरून कळे. मी मात्र पुढे लोखंडी जहाजांवर गेलो. डेकवरचा गंज खरवडणे, रंग देणे, धक्क्याला लागताना दोर सांभाळणे ही कामे करीत सारंगाच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलो. गलबताला वारा चालवतो. आमच्या जहाजाला तो फक्त आडवा येई. इतकी वर्षे पाण्यावर राहून माझ्या हाताला शिडाचा दोर लागला नव्हता.

२००९ च्या ऑगस्टमध्ये नौदलातील दिलीप दोंदे मुंबईहून एकट्याने ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ती शिडाची नौका आमच्या शेजारच्या गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली होती. ही बातमी मी एका तेलवाहू जहाजावर शिळ्या वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच रात्री एका कोऱ्या वहीत निवृत्तीची योजना मांडायला घेतली.

ती वही आठ वर्षे चालली. तीस फुटांची नौका, तिच्यावर दोन माणसांपुरती झोपण्याची जागा, ऑक्टोबर ते मे समुद्रावर मुक्काम, किनाऱ्याकिनाऱ्याने केरळपर्यंत जाणे आणि येणे. माझी नोकरी कराराची होती. करार असेपर्यंत वेतन, करार संपला की वेतन थांबले. दरमहा येणारे निवृत्तिवेतन माझ्या वाट्याला नव्हते. खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने सुरू झालेल्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदाच हाती येणार होती. म्हणून मी प्रत्येक गोष्टीचा रकाना पाडला होता : शिडे, दोर, नांगर, लहान इंजीन, डिझेल, जीवरक्षक जाकिटे, विमा, औषधपाणी, पावसाळ्यात नौका वर ठेवण्याचा खर्च. दर करारानंतर आकडे बदलत आणि नवे रकाने वाढत.

बेरीज करीत बसलो होतो त्या दुपारी पत्नीने ती वही पहिल्यांदा वाचली. सारी पाने शांतपणे उलटून तिने विचारले, “यात घराचा रकाना कुठे आहे?”

मी म्हणालो, “नौकेवर दोघांची सोय आहे.”

“सोय आहे हो,” ती म्हणाली. “पण मला कोणी विचारले कुठे? बत्तीस वर्षे तुम्ही समुद्राचे होतात. पुढची वर्षेही त्यालाच लिहून दिलीत.”

तिच्या स्वरात राग असता, तर मी उत्तर दिले असते. तो नव्हता. मुलांचे दहावीचे निकाल, सासऱ्यांचे आजारपण, घराची गळती कौले, हे सारे तिने एकटीने पार पाडले होते आणि त्याची नोंद कोणत्याही पुस्तिकेत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी तीस फुटांची नौका घेतली नाही. एक जुनी, सोळा फुटांची लाकडी होडी घेतली, तिला एकच तिरके शीड बसवले आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे, असे ठरवले. मनातून मात्र मला ही तडजोड वाटत होती. मोठी योजना मी फक्त पुढे ढकलली होती.

त्या पहिल्याच हंगामात, डिसेंबरातल्या एका दिवशी, मी किल्ल्याच्या बाहेर बराच दूर गेलो. दुपारी खारा वारा आलाच नाही. शीड डोलकाठीला चिकटून लोंबत राहिले. मी वल्ही मारू लागलो. पण ओहोटी लागली होती आणि खाडीचे पाणी मला बाहेर ढकलत होते. भरती फिरेपर्यंत नांगर टाकून थांबण्यावाचून इलाज नव्हता. भ्रमणध्वनी घरीच राहिला होता. मी धक्क्याला लागलो, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

धक्क्यावर पत्नी उभी होती. हातात विजेरी होती आणि ती पेटवलेली नव्हती. शेजारची दोन माणसे तिच्याबरोबर होती. ती काही बोलली नाही. मी फेकलेला दोर तिने झेलला आणि खुंट्याला बांधला. तिचा हात थंडगार होता.

जहाजावरून मी कितीतरी वेळा घरी आलो होतो; पण प्रत्येक वेळी ठरल्या तारखेला, बॅगा घेऊन, हसऱ्या दारात. वाट पाहणारे माणूस कसे दिसते, ते मला ठाऊकच नव्हते. कारण ते दिसावे अशा वेळी मी कधी किनाऱ्यावर नसे.

मे महिन्याच्या अखेरीस होडी वर काढली. वाडीतली आठ-दहा माणसे जमली, खाली ओंडके टाकले आणि आरोळ्या देत ती माडांच्या सावलीत ओढून नेली. पत्नीने विणलेले झाप आम्ही दोघांनी मिळून तिच्यावर घातले. तेव्हा वडिलांचे शब्द आठवले : “होडी पाण्यात घालूक सगळ्यांका येता, येळेर वयर काढूक येवक व्हया.” दरवर्षी पावसाळ्याचे चार महिने ते घरी असत. जाळी विणत, शेती करीत, आम्हांला गोष्टी सांगत. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा समुद्र. शिडावर जगणाऱ्या माणसाच्या वर्षात किनारा आधीपासूनच धरलेला असे. मी शिडाची योजना आखली. पण त्या योजनेतला हा अर्धा भाग विसरलो होतो.

आता वहीत नवा रकाना आहे. तो पत्नीच्या अक्षरात आहे आणि त्यात काय लिहायचे, ते ती ठरवते. यंदा त्यात कौले शाकारणे आहे, तिच्या बहिणीकडे महिनाभर राहणे आहे आणि शेवटी एक ओळ आहे : होडीत विजेरी ठेवणे. तीस फुटांच्या नौकेचे पान मी फाडलेले नाही. कधी कधी ते उघडून पाहतो. ते तिलाही ठाऊक आहे.