दोन गाठोडी

पासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी महाराष्ट्राची सीमा मोजून चार वेळा ओलांडली असेल. समुद्र तर कधीच नाही. परंतु २०२५ च्या पावसाळ्यात लंडनहून लेकीचा फोन आला. नोव्हेंबरात तिचे बाळंतपण होते. तिची आई आता या जगात नाही. तेव्हा "बाबा, तुम्हीच या," असे ती म्हणाली, आणि माझ्याने नाही म्हणवेना.

अडचण एकच होती. निवृत्त झाल्यापासून मी रोज सायंकाळी सात वाजता, घरी बसून, फोनच्या पडद्यावरून बीड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या आठ मुलांना मराठी वाचन शिकवतो. एक संस्था ही व्यवस्था पाहते आणि मला थोडे मानधनही देते. या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता'. दिवाळी सरली की हे कोयते गाव सोडतात, ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काहींना आईबापांबरोबर फडावर जावे लागते. जी जातात त्यांचे वाचन दर वर्षी तेथेच तुटते. ते तुटू नये म्हणून तर हा वर्ग होता, आणि नेमका त्याच महिन्यात मी निघणार होतो.

वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्हीबी चालला." तिने काही विचारले नव्हते. तिच्या स्वरात तक्रारही नव्हती. नुसती सवय होती. मला ते बोलणे फार लागले. वर्ग लंडनमधून चालवायचा, असे मी त्याच रात्री ठरवले.

मग तयारीला आरंभ झाला. पासपोर्ट हाती आला. छत्तीस पानांची ती निळी पुस्तिका मी नव्या क्रमिक पुस्तकासारखी उघडून हुंगलीसुद्धा! व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. पण इतकी वर्षे खडू धरून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला काही केल्या उमटेनात. तेथील तरुणाने ओल्या फडक्याने माझी बोटे पुसली, तेव्हा तिसऱ्या खेपेस ते जमले. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिकडे बसून इकडचे काम करता येते का, ही शंकाही मला छळत होती. नियम वाचून पाहिले. २०२४ च्या आरंभापासून ब्रिटनने पाहुण्यांना आपल्या देशातले चालू काम दुरून करण्याची मुभा दिली आहे. मात्र प्रवासाचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. माझा मुख्य हेतू तर अजून जन्माला यायचा होता!

वेळेचा हिशेब मी मोठ्या ऐटीत फळ्यावर मांडला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते आणि लंडनजवळचे ग्रीनिच शून्य अंशांवर आहे. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास. लेकीला फोन केला तर ती म्हणते, "बाबा, साडेचार!" मी पुन्हा गुणाकार केला, तो बरोबरच होता. तेव्हा तिने उलगडा केला. उन्हाळ्यात उजेडाचा लाभ घ्यावा म्हणून तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्या वर्षी तो रविवार २६ ऑक्टोबरला होता. म्हणजे मी पोहोचेन तेव्हा अंतर साडेपाच तासांचेच असणार होते आणि आपल्या सायंकाळच्या सातला तेथे दुपारचा दीड वाजणार होता. शिक्षकाचा गुणाकार बरोबर असूनही उत्तर चुकते, हे पाहून मुलांना झालेला आनंद काय वर्णावा!

प्लगचीही मोठी गंमत आहे. आपल्या भिंतीतली तीन गोल छिद्रांची खुबी मूळची इंग्रजांचीच. १९४७ साली त्यांनी चपट्या, चौकोनी पायांच्या प्लगचे नवे मानक काढले. आपण मात्र जुनेच जपून ठेवले. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची आहे, त्यामुळे पन्नास-शंभर रुपयांच्या एका जोडणीने काम भागते. प्रवासात फोन बंद पडू नये म्हणून पॉवर बँक घ्यायला मी दुकानात गेलो. ती मोठ्या बॅगेत टाकायची नाही, विमानात हातातल्या पिशवीतच ठेवायची, एवढे तेथे समजले. आणि एकाएकी मनात आले, कोपीत वीज कुठे असते? उसाच्या पाल्याच्या त्या झोपडीत त्या मुलीच्या वडिलांचा फोन कशावर चालणार? मी एकाऐवजी दोन घेतल्या आणि एक वाडीवर पाठवून दिली.

कारण तीही जाणार होती. धाकट्या भावाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तिच्या वडिलांना मी दोनदा फोन करून विनवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, उचल घेतलीय. मग पोराला फडात कुठं बांधू?" मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तिच्या शाळेने तिला शिक्षण हमी पत्रक दिले होते. ते दाखवले की मुक्कामाच्या गावातील शाळेत मुलाला बसता येते. पण भावाला कडेवर घेऊन ती शाळेत कशी बसणार, हे त्या पत्रकावर कोठे लिहिलेले असणार?

निघण्याच्या आदल्या दिवशी आमचा अखेरचा वर्ग भरला. आठांपैकी तिघे दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने फडावर जाणार होते. मुलांनी माझी बॅग पाहायचा हट्ट धरला. मी एकेक वस्तू दाखवली: लोकरी टोपी, मेतकूट, बाळंतविडा, गोळ्यांची डबी. मग मी त्या मुलीला म्हटले, "आता तुझे गाठोडे दाखव." एका जुन्या लुगड्यात दोन ताटल्या, भावाचे कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेले मराठीचे पुस्तक होते. पहाटे कोपीत दव गळते, म्हणून प्लॅस्टिक.

"तू पुष्कळ वेळा गेलीस, मी पहिल्यांदाच निघालो आहे," मी म्हणालो. "मला काही सांग."

ती जरा विचार करून म्हणाली, "उतरल्यावर आधी पाणी कुठं हाय ते बघायचं. मग आपल्या कोपीला रंगीत चिंधी बांधायची. समद्या कोप्या सारख्याच दिसत्यात. भाऊ चुकतो."

विमानतळावरच्या पट्ट्यावरून शेकडो काळ्या बॅगा फिरत येतात, हे लेकीने मला सांगितलेच होते. मी उठलो, कपाटातून एक तांबडी चिंधी काढली आणि मुलांसमोरच बॅगेच्या कडीला बांधली. तिने पडद्याजवळ तोंड आणून ती गाठ नीट न्याहाळली.

"सैल हाय, गुरुजी," ती म्हणाली. "दुहेरी मारा."