वळण लावणे

आमच्या घरी 'वळण' हा शब्द फार जुना आहे. अक्षराला वळण हवे, बोलण्याला वळण हवे, मुलाला वळण हवे, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो आणि पुढे तेच पुतण्यांस ऐकवीत आलो. परंतु ज्या वळणापायी क्षणात माणसाचा जीव जातो, ते रस्त्यावरील वळण कसे घ्यावे, हे आम्ही त्यांस कधी शिकविले नाही. ही शिकविण्याची गोष्ट आहे, हेच मुळी आमच्या ध्यानी आले नव्हते. ते ज्या दिवशी आले, त्या दिवसाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आमचे एकत्र कुटुंब धुळ्याचे. थोरल्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त जळगावी राहतात आणि शनिवारी सायंकाळी मोटारसायकलीवरून पारोळ्याच्या रस्त्याने घरी येतात. गतवर्षी मार्गशीर्षात घृष्णेश्वराच्या दर्शनास वेरुळास जावे असे आमच्या मनात आले. पुतण्या म्हणाला, "काका, मागे बसा, दुपारपर्यंत परत येऊ." चाळीसगाव सोडून आम्ही कन्नडच्या घाटाने वर गेलो. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाने ज्यास औट्रम घाट म्हणतात, तोच हा घाट. जाताना काही अडचण पडली नाही. प्रसंग आला तो उतरताना.

एक डावे वळण अपेक्षेपेक्षा अधिक आवळत गेले. गाडी रस्त्याच्या मध्याकडे सरकू लागली आणि समोरून एस. टी. चढत आली. आम्ही मागून "ब्रेक लाव! ब्रेक!" म्हणून ओरडलो. पुतण्याने ब्रेक दाबला, तशी कललेली गाडी ताठ उभी राहिली आणि वळण सोडून सरळ बसच्या तोंडाकडे निघाली. चालक प्रसंगावधानी होता. त्याने बस जागच्या जागी थांबविली. तिच्यापासून दोन हातांवर आम्ही आडवे झालो. पुतण्याचे मनगट मुरगळले, आमचा गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. चालक खाली उतरला, दोघांस हात देऊन उभे केले आणि अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मन्हाकडे काय देखस? वाटकडे देख!" त्या वेळी ते आम्हांस केवळ रागाचे बोलणे वाटले.

घरी आल्यावर जे व्हावयाचे ते झाले. दादांनी गाडी विकण्याचा हुकूम सोडला. आईने देवापुढे साखर ठेवली व नातवाशी दोन दिवस अबोला धरला. वहिनींनी मात्र आम्हांस एकीकडे बोलावून विचारले, "भाऊजी, मागे तुम्ही बसला होता. तुम्हीच सांगा, त्याचे चुकले कोठे?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. वेग म्हणावा, तर तो फार नव्हता. निष्काळजीपणा म्हणावा, तर मुलगा त्यातला नव्हे. "घाटच तसा आहे," असे काहीतरी पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली.

पुढे विचार करता एक गोष्ट लक्षात आली. आमचा खानदेश म्हणजे तापी-गिरणेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. जळगावाहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्यास यावे, तर मन लावून घ्यावे असे वळण क्वचितच लागते. पण या सपाटीच्या कडेला डोंगर उभे आहेत. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्री. म्हणजे आमची मुले गाडी शिकतात सरळ रस्त्यावर आणि त्यांची परीक्षा होते घाटात. परवान्याच्या वेळी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो खरा, पण तो पायी चालण्याच्या वेगाने. त्या वेगात गाडी वळते एका रीतीने आणि चाळीस-पन्नासच्या वेगात दुसऱ्या रीतीने, हे त्या परीक्षेत कोणी सांगत नाही.

आठवड्याने पुतण्याने स्वतःच एक प्रस्ताव मांडला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतींसाठी बांधलेला पावणेचार किलोमीटरांचा बंदिस्त रस्ता आहे. अशा रस्त्यास सर्वत्र ट्रॅक म्हणतात. तेथे वळणे घेण्याचे शिक्षण देणारे वर्ग भरतात, त्यांपैकी एकास आपण जावे. फी, भाडे, चामड्याच्या अंगरख्याचा खर्च मिळून त्याचा एका महिन्याचा पगार जाणार होता. दादा उसळून म्हणाले, "वळणावर पडलेल्या मुलास शर्यतीच्या शाळेत घालावयाचे? हे तर आगीत तेल!"

दादांचा आक्षेप पोकळ नव्हता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. नॉर्वे देशात नवशिक्या मोटार हाकणाऱ्यांस निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले होते. १९८८ साली त्याची तपासणी झाली, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे दिसून आले. कौशल्य चार आणे वाढले आणि भरवसा रुपयाने वाढला, म्हणजे असे व्हावयाचेच. तेव्हा प्रश्न शिक्षण घ्यावे की न घ्यावे एवढाच नाही. ते शिक्षण अंगी काय बाणविते, हे पाहावयास हवे. शेवटी वहिनींनी तोड काढली : "भाऊजी सोबत जातील. तेथे वेग शिकवितात की शहाणपण, ते डोळ्यांनी पाहून येतील." येणेप्रमाणे जळगावाहून नवजीवन एक्सप्रेसने आम्ही दोघे चेन्नईस गेलो.

या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील कीथ कोड यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांनी १९८० साली कॅलिफोर्नियात शाळा काढली. चेन्नईच्या याच ट्रॅकवरही तिचे वर्ग भरलेले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वळणात माणूस घाबरला म्हणजे त्याचे शरीर जीव वाचविण्यासाठी आपणहून काही धडपड करते आणि ती नेमकी उलटी असते. अशा सात चुका त्यांनी मांडल्या आहेत. उजवी मूठ एकदम सोडून रेस बंद करणे, हँडल आवळून धरणे, नजर आखडणे, भीतीच्या वस्तूवर ती खिळणे, नजर जाईल तिकडे गाडी जाणे, हँडल वळविण्याचेच थिजणे आणि चुकीचा ब्रेक लावणे. ही यादी ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे घाटातील ते दोन क्षण उभे राहिले. सातही चुका ओळीने हजर होत्या. त्यांतली शेवटची तर आम्ही ओरडून करविली होती.

दिवसाची रचना एखाद्या चांगल्या पाठशाळेसारखी होती. प्रथम फळ्यासमोर एक पाठ, मग वीसएक मिनिटे गाडीवर तोच एक पाठ, मग शिक्षकाबरोबर उजळणी. असे पाच वेळा. आरंभीचा पाठ एकाच गियरमध्ये आणि ब्रेक न लावता गिरवावयाचा होता. ब्रेक नाही म्हटल्यावर शिष्य आपोआप बेताच्या वेगाने वळणाशी येतो, आणि आपला अंदाज किती कच्चा आहे हे त्यास तेथेच कळते. कोणी किती वेळात फेरी पुरी केली, हे मोजीत नव्हते.

पाठ पाच, पण प्रत्येकाचे कारण स्पष्ट केलेले. पहिला, गाडी वळणात कलली की रेस हळुवार व सारखी वाढवीत न्यावी. त्याने भार मागच्या रुंद चाकावर जातो आणि गाडी स्थिर राहते. रेस सोडली की भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी बाहेर पसरते. दुसरा, वळावयास कोठे आरंभ करावा ते ठिकाण आधी ठरवावे. तिसरा, तेथे पोहोचल्यावर हँडलला ठाम रेटा देऊन गाडी एकदा कलवावी, चाचपडत राहू नये. चौथा, हात सैल ठेवावेत, गाडीला तिचे काम करू द्यावे. पाचवा, गाडी वळण्यापूर्वी नजर वळवावी. ज्या ठिकाणी जावयाचे तेथे आधी डोळ्यांनी जाऊन यावे.

तिसऱ्या पाठातील एक गंमत सांगतो. डावीकडे वळावयाचे तर डावी मूठ पुढे ढकलावयाची, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे द्यावयाचे! पुतण्याप्रमाणेच आम्हांसही हे विपरीत वाटले. पण १९०३ साली विमान उडविणाऱ्या राइट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचा, आणि त्यांतील विल्बर यांनी हे तेव्हाच हेरले होते. सायकलस्वार डावीकडे वळताना हँडल प्रथम उजवीकडे देतो, आणि त्याला विचारले तर तो हे नाकबूल करतो. सगळे करतात, जाणून कोणी करीत नाही. म्हणूनच भीतीच्या क्षणी ते हातून सुटते.

गणिताचीही एक गोष्ट पदरी पडली. वीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटरने घ्यावयाचे तर गाडी सुमारे २७ अंश कलवावी लागते. तेच ५४ किलोमीटरने घ्यावयाचे, तर ४९ अंश. वेग दीडपट, पण टायरावरील मागणी सव्वादोनपट! खडी पसरलेल्या घाटात दुसरे गणित सुटावयाचे नाही. उलट पहिले अगदी सुखाने सुटते. म्हणजे कन्नडच्या घाटात आमची गाडी ते वळण घेण्यास समर्थ होती. चालविणारा व त्याचा काका तेवढे असमर्थ होते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील सर्व नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. ती आमच्या गाडीसही होती. पण कललेली गाडी ब्रेकाने उभी होऊन सरळ निघते, ती अशा साध्या एबीएसने थांबत नाही.

सायंकाळी उजळणीच्या वेळी शिक्षकाने पुतण्यास सांगितले, "तू कठड्याकडे पाहतोस, म्हणून कठड्याकडे जातोस. जेथे जावयाचे तेथे पाहा." आम्ही चमकलो. कॅलिफोर्नियाहून चेन्नईस आलेली आणि आम्ही महिन्याचा पगार मोजून ऐकलेली ही विद्या चाळीसगावच्या बाजूला एका एस. टी. चालकाने आम्हांस फुकट सांगितली होती. मात्र सांगणे वेगळे आणि अंगी भिनणे वेगळे. त्या दिवशी पुतण्याने तेच वाक्य शंभर वळणांत गिरविले, तेव्हा कोठे त्याच्या मानेला ते कळले. पाटीवर अक्षर गिरवावे तसेच हे. आणि पाटीचा गुण असा की, चुकले तर पुसता येते. समोरून बस येत नाही, बाजूला दरी नाही, रस्त्यात गाय बसलेली नाही. घाटाची पाटी मात्र पुसता येत नाही.

परंतु यातच ट्रॅकची मर्यादाही आली. तेथील वळण पुढे कसे आहे हे दुसऱ्या फेरीस पाठ होते. घाटातील वळणापलीकडे काय आहे हे दहाव्या वेळीही ठाऊक नसते. म्हणून जे कौशल्य तेथे मिळते, ते रस्त्यावर वेगात खर्चावयाचे नसून अडचणीसाठी गाठीस ठेवावयाचे असते. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. ज्या घरात दुचाकी आहे, त्या घराने हा आकडा नजरेआड करू नये.

माघात आम्ही पुन्हा त्याच घाटाने गेलो. आईची परवानगी सहजी मिळाली नाही, हे सांगणे नकोच. उतरताना आम्ही मागून पुतण्याचे वागणे पाहत होतो. वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, त्याने वेग उतरविला. डावी बाजू धरून ठेवली. गाडीच्या आधी त्याचे हेल्मेट वळले. गाडी कलली, रेसचा आवाज सावकाश चढत गेला, आणि ते वळण केव्हा मागे पडले ते कळलेही नाही. पूर्वीपेक्षा तो हळू चालवीत होता, तरी आमच्या जिवाची धाकधूक निम्म्याने कमी झाली. भरवसा वाढला आणि वेग उतरला. दादांच्या आक्षेपाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांस आमचे सांगणे एवढेच. मुलाने अशा वर्गाचे नाव काढले तर वेगाचे वेड म्हणून एकदम झिडकारू नये, आणि डोळे मिटून पैसेही देऊ नयेत. तेथे प्रत्येक फेरीनंतर चूक सांगणारा शिक्षक आहे काय, आणि शिकवणी सावकाशीने सुरू होते काय, हे विचारावे. नुसती मोकळी गाडी पळविण्याची सोय असेल, तर तो पैसा वाया गेला असे समजावे.

परतल्यावर त्या रात्री आम्ही वहिनींस त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. चूक निम्मी मुलाची होती, निम्मी आमची. 'ब्रेक' म्हणून ओरडलो ते आम्हीच. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते, भाऊजी. तुमच्या तोंडून ऐकावयाचे होते." आणि आमचे पान वाढावयास उठल्या.