औषध पोचले नाही

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मी एका दिवंगत सहकाऱ्यावर लेख लिहिला होता. 'कर्करोगाशी त्यांनी दिलेली झुंज अखेर अपयशी ठरली' हे त्यातले पहिले वाक्य. ते लिहिताना लेखणी कुठे अडखळली नाही. अशी वाक्ये आपोआपच लिहून होतात. अंक घरी पोचल्यावर वहिनींचा फोन आला. लेख आवडल्याचे सांगून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पण सर, हे हरले असं का लिहिलंत? सांगितलं ते सगळं केलं यांनी. डॉक्टर म्हणत होते, औषध गाठीपर्यंत हवं तेवढं पोचतच नाहीये. मग हे कसे हरले?"

मी दिलगिरी व्यक्त केली. पण विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या गुळगुळीत शब्दांखाली आयुष्यभर लाल रेघा ओढणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाक्याखाली ती ओढली नव्हती, ही बोच राहिली.

सुझन सोंटॅग यांचे 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' (1978) मी त्यानंतर पुन्हा वाचले. स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या या लेखिकेचा आक्षेप रोगावर लादलेल्या रूपकांवर, विशेषतः युद्धाच्या रूपकांवर आहे. आजार युद्ध ठरला की रुग्ण योद्धा ठरतो, आणि योद्ध्याच्या मृत्यूत त्याच्या उणेपणाचा संशय दडलेला असतो. पूर्वीच्या वाचनात निसटलेली एक गोष्ट या वेळी लक्षात आली. उपचारांची भाषा शरीराच्या स्वतःच्या क्षमतेकडे वळेल तेव्हा या रोगाभोवतीचे मिथक काही अंशी विरेल, अशी अपेक्षा सोंटॅग यांनी पुस्तकाच्या अखेरीस व्यक्त केली आहे. म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राकडून त्यांनी औषधाबरोबरच नव्या भाषेचीही आशा धरली होती. ती कितपत फळली हे पाहावे, म्हणून एका साहित्याच्या शिक्षकाने जमेल तेवढे विज्ञान वाचले. पुढील परिच्छेद त्या वाचनाचे फलित आहेत.

आपल्या शरीरात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. परके किंवा बिघडलेले काय, हे ओळखणे त्यांचे काम. त्या अनावर होऊन शरीरावरच उलटू नयेत म्हणून त्यांच्यावर काही प्रथिनांचा लगाम असतो. कर्करोगाच्या अनेक गाठी नेमका हाच लगाम खेचून धरतात. तो सैल करता येतो, हे दाखवून देणाऱ्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चे नोबेल मिळाले. या जातीचे पहिले औषध अमेरिकेत 2011 मध्ये मान्य झाले होते. पूर्वी ज्यांची आशा सोडली जाई, अशा काही रुग्णांना त्याने वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. मात्र सर्वांना गुण येत नाही. कित्येकांच्या टी-पेशींना मुळात गाठीची ओळखच पटलेली नसते. आणि लगाम सगळ्या शरीरभर सैल झाल्यामुळे कधी आतडी, कधी फुप्फुसे, कधी थायरॉइड ग्रंथी यांना दाह होतो. योग्य गोष्ट योग्य ठिकाणी पोचवणे, हा प्रश्न इथेही उरतोच.

नॅनोतंत्रज्ञानाचा संबंध येतो तो इथे. 'नॅनो' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ बुटका; आपल्याकडे त्याला वामन म्हणता आले असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. औषध वाहून नेणारे स्निग्ध पदार्थांचे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. औषध अशा कणात भरून थेट गाठीकडे धाडण्याची कल्पना जुनी आहे. पण 2016 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यक निघाला अवघा 0.7 टक्के. हजारांत सात! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवून ठेवतात. हा आकडा वाचताना मला वहिनींचे शब्द आठवले.

यातून एक वेगळी वाट निघाली, आणि मला तीच अधिक बोलकी वाटते. कणाने गाठीपर्यंत जाण्याचा अट्टहास सोडायचा. ओळख पटवून देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांच्यापर्यंत, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत, त्याने केवळ निरोप न्यायचा. पुढचा प्रवास टी-पेशी स्वतः करतील. कोविडकाळातल्या एमआरएनए लशी अशाच कणांतून दिल्या गेल्या. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल वाचून त्यांतल्या जास्तीत जास्त 34 खुणा एमआरएनएच्या रूपाने स्निग्ध कणांत भरल्या गेल्या. शस्त्रक्रियेनंतर 157 रुग्णांपैकी काहींना लगाम सैल करणाऱ्या औषधासोबत ही लस दिली, इतरांना केवळ औषध. लस घेतलेल्यांत रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका पहिल्या निष्कर्षांत 44 टक्क्यांनी कमी आढळला. चाचणी लहान होती. 2023 मध्ये मोठ्या चाचण्या सुरू झाल्या.

ओळख पटवून देणाऱ्या या पेशी, म्हणजे डेंड्रायटिक पेशी, प्रकाशात आणणारे राल्फ स्टाइनमन यांना 2007 मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी आपल्याच संशोधनावर आधारलेले प्रायोगिक उपचार स्वतःवर करून घेतले. 30 सप्टेंबर 2011 रोजी ते गेले. तीन दिवसांनी, निवड समितीला ही वार्ता नसतानाच, त्यांना नोबेल जाहीर झाले. या माणसाची झुंज अपयशी ठरली, असे लिहायला कोण धजेल?

ओळख, लगाम, निरोप, पोचणे. या शास्त्राचे वर्णन करताना मला हे शब्द सापडले. त्यांत तलवार नाही. 'प्रतिकार' आणि 'धोका' हे शब्द मागच्या दाराने आत येतातच, हे मान्य. पण आपल्या घरगुती मराठीकडे पाहा: ताप उतरतो, औषध लागू पडते, गुण येतो, दुखण्याला उतार पडतो. आजीच्या तोंडी आजारपणाचे रणांगण कधी नव्हते. ते वर्तमानपत्रांतून आणि आमच्यासारख्यांच्या लेखांतून आले. नॅनोकणांच्या बातमीवरही 'कर्करोगावर रामबाण' असा मथळा लागलेला पाहिला की धास्ती वाटते. बाण म्हटला की नेम आला, आणि तो चुकला की दोष कोणाचा, हा प्रश्नही आला. हजारांत सात हा आकडा निदान तो दोष रुग्णाच्या माथी मारत नाही.

गेल्या वर्षी त्या सहकाऱ्यांचे निवडक लेखन पुस्तकरूपाने काढायचे ठरले. माझा लेख परिशिष्टात जाणार होता. पहिले वाक्य मी बदलले: 'त्यांना कर्करोग झाला होता, उपचार लागू पडले नाहीत.' वाङ्मयीन दृष्ट्या वाक्य अगदीच सपाट आहे. मुद्रिते तपासायला वहिनींकडे दिली होती. त्यांनी पुढच्या पानांवर माझ्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. त्या वाक्यापाशी मात्र एकही खूण नव्हती.