जोडाच्या शेजारी

स्टेनलेस स्टीलची टाकी तपासायला आली की सगळ्यांची नजर आधी वेल्डिंगच्या जोडावर जाते. मी जोडाच्या दोन्ही अंगांना, काही मिलिमीटर अंतरावर असलेला पट्टा आधी बघतो. आम्लाची टाकी दगा देते ती बहुधा तिथे.

३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर स्टीलला राखतो. वेल्डिंग करताना जोड वितळतो, पण शेजारचा पट्टा ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये काही वेळ रेंगाळतो. तेवढ्यात स्टीलमधला कार्बन धातूच्या कणांच्या सीमांवर येतो आणि तिथलं क्रोमियम ओढून कार्बाइड बनवतो. कार्बन चपळ, क्रोमियम संथ. कणाच्या आतलं क्रोमियम सीमेपर्यंत वेळेवर पोचतच नाही, आणि सीमेलगतच्या अरुंद कडेत त्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली जातं. आम्ल याच कडेने आत शिरतं. कण शाबूत राहतात, त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं मात्र काही उरत नाही.

या गंजाची मला धास्ती वाटते. तांबूस डाग नाही, वजनात मोठी घट नाही, जाडीही जवळपास तेवढीच भरते. नायट्रिक आम्लाच्या एका जुन्या पाइपवर मी हातोडी टिचकावली, तर खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला. तुकडा वाकवला तर भेगा पडल्या आणि बोटांना रव्यासारखी कणी लागली. संशय आला की असा तुकडा कॉपर सल्फेट आणि गंधकाम्लाच्या द्रावणात उकळून, मग वाकवून बघतात.

घरातल्या डब्यांना हे भय नाही. पातळ पत्रा लवकर थंड होतो आणि तिथे असं आम्लही नसतं.

जोडकाम झाल्यावर सगळी वस्तू १०५० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात झटकन थंड केली तर कार्बाइड विरघळतं, पण भल्यामोठ्या टाकीला ते कुठून जमणार? म्हणून निवड आधीच करावी लागते. ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो, ३०४एल मध्ये जास्तीत जास्त ०.०३. नाहीतर टायटॅनियम घातलेलं ३२१ घ्यावं, त्यात कार्बनला टायटॅनियम आधी पकडतं.

आम्लासाठी टाकी बनवून घेणार असाल तर पॉलिशवर भाळू नका. प्लेटचं मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यातला कार्बनचा आकडा आधी वाचा.